काळ्या कापडावरचा उजेड

डगला पहिल्यांदा रंगवून झाला तेव्हा मला तो आवडला होता. प्रत्येक चुणीवर उजेड चढवलेला, प्रत्येक घडीत सावली, रंगाचे थर एकमेकांत बेमालूम मिसळलेले. ताईने फिगर, म्हणजे मी रंगवत असलेला माणसाचा छोटा पुतळा, हातात घेतली, दिव्याखाली एकदा फिरवली आणि म्हणाली, "राखाडी कोट छान झालाय गं." अगदी मनापासून म्हणाली. मी मात्र तीन आठवडे काळा कोट रंगवत होते.

फिगर ७५ मिमी उंचीची, रेझिनची. काठीवर भार टाकून उभा असलेला एक म्हातारा प्रवासी. अंगात घोट्यापर्यंतचा लोकरी डगला, वाऱ्याने त्याची एक बाजू उलटलेली, त्यातून आतलं रेशमी अस्तर दिसतंय, आणि पायांत जुने चामडी बूट. तिन्ही वस्तू काळ्या. म्हणूनच मी ती निवडली होती. त्याआधी मी कित्येक वर्षं २८ मिमीच्या लहान फिगर रंगवत आले आणि त्यांच्यावर काळं कापड आलं की पळवाट काढायची: काळ्याऐवजी गडद निळा लावायचा, नाहीतर तपकिरी. या म्हाताऱ्याच्या बाबतीत पळायचं नाही, असं ठरवलं होतं.

मग चुकलं कुठे? मी शिकलेली रीत अशी की मूळ रंग घ्यायचा आणि उजेडाच्या जागी तो टप्प्याटप्प्याने फिका करत न्यायचा. लाल कापडावर हे चालतं, कारण लाल उजळला तरी तो लालच्याच घरातला राहतो. काळ्यात पांढरा मिसळला की त्याचं नावच बदलतं, तो राखाडी होतो. मी डगल्याच्या निम्म्याहून जास्त भागावर मधला राखाडी पसरवला होता. बघणाऱ्याच्या डोळ्याने त्या राखाडीलाच कापडाचा रंग मानलं आणि उरलेल्या काळ्याला सावली. ताईचं काहीच चुकलं नव्हतं. शिवाय काजळीपासून बनलेला काळा आणि टायटॅनियमचा पांढरा एकत्र आले की जो राखाडी होतो तो थंड, निळसर आणि खडूसारखा कोरडा असतो. त्यामुळे लोकर तर नाहीच, कापडसुद्धा वाटेना. दगड कोरल्यासारखं दिसत होतं.

रंग उतरवला, पुन्हा प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) मारला, आणि दुसऱ्या प्रयत्नात उलट टोकाला गेले. सगळा डगला काळा ठेवला आणि फक्त घड्यांच्या कडांवर केसासारख्या बारीक राखाडी रेघा ओढल्या. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं की सुरेख दिसायचं. टेबलावर ठेवून दोन पावलं मागे गेलं की म्हाताऱ्याच्या जागी भोक पडल्यासारखं वाटायचं. वर चेहरा, खाली बूट आणि मध्ये काहीच नाही. २०१४ साली व्हँटाब्लॅक नावाचा लेप जगापुढे आला, जो पडलेल्या उजेडापैकी ९९.९६५ टक्के उजेड गिळतो. चुरगळलेल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलवर तो लेप चढवलेला फोटो मी पाहिला होता. चुरगळलेल्या भागात एकही सुरकुती दिसत नव्हती, सपाट काळा ठिपका असावा तसं. माझ्या डगल्याचं तेच झालं होतं. कापडाला आकार देतो तो त्यावरून परत येणारा थोडासा उजेड, आणि तोच मी काढून टाकला होता.

तिसऱ्यांदा ब्रश उचलण्याआधी मी जवळजवळ दोन आठवडे काहीही रंगवलं नाही. फक्त बघितलं.

खुर्चीवर एक काळा लोकरी कोट टाकला, त्यावर डाव्या बाजूने वरून दिवा लावला आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद केले. एका कार्डाच्या पट्टीवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ चौकोन रंगवले, एकेक टप्पा चढत जाणारा. ही पट्टी कोटाच्या शेजारी त्याच उजेडात धरायची आणि कोटावरची सगळ्यात उजळ जागा कितव्या चौकोनाशी जुळते ते बघायचं. मला वाटलं होतं सहावा तरी असेल. खांद्याच्या सगळ्यात वरच्या भागावर, जिथे उजेड सरळ पडत होता तिथे, तिसरा चौकोन जुळला. चौथ्याला तो पोचलाच नाही. बाकी सगळा कोट पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनात सामावलेला होता. त्या रात्री मी पट्टी हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

मग तिथेच काळ्या साटिनचा तुकडा ठेवला. त्याचा बराचसा भाग लोकरीइतकाच, किंबहुना जास्त काळा होता, पण घडीच्या माथ्यावर एक अरुंद पट्टा थेट सातव्या चौकोनाशी जुळत होता. आणि पॉलिश केलेल्या बुटाच्या टोकावरचा ठिपका तर नवव्याच्याही पुढचा, निव्वळ पांढरा.

तिन्ही वस्तू काळ्याच, तरी असं का, हे समजून घेतल्यावर माझी भीती बरीच कमी झाली. लोकरीचे तंतू असंख्य दिशांना वळलेले असतात. उजेड त्यांच्यात शिरतो, इकडून तिकडे आपटतो, बहुतेक शोषला जातो, आणि जो थोडा बाहेर येतो तो सगळीकडे विखुरलेला असतो. म्हणून उजळ भाग रुंद, मंद आणि कडा नसलेला. चामड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र थोडा उजेड रंगापर्यंत पोचायच्या आधीच, आरशावरून परतावा तसा परततो. तो चार-पाच टक्केच असतो, पण एकाच दिशेने येतो, म्हणून डोळ्याला पांढराशुभ्र दिसतो, आणि त्याला रंग असतो तो दिव्याचा, चामड्याचा नव्हे. रेशीम या दोघांच्या मधलं.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे, हे मला तेव्हा जाणवलं. बूट काळेकुळकुळीत असतात. कुळकुळीत म्हटलं की त्यात तुकतुकी आलीच. डोळे काळेभोर. अंधार काळाकुट्ट, ज्यात काही दिसतच नाही. ढग काळेशार. धुऊन धुऊन विटलेलं कापड काळपट. यातला कुठला काळा रंगवायचा आहे हे ठरवल्याशिवाय मी बाटली उघडत होते, हीच माझी मूळ गफलत होती.

त्याच दिवसांत फ्रान्स हाल्सने रंगवलेली सतराव्या शतकातल्या डच माणसांची व्यक्तिचित्रं मोठी करून बघितली. ती माणसं बहुतेक काळ्याच कपड्यांत आहेत. व्हॅन गॉगने १८८५ साली भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सकडे सत्तावीस काळे आहेत असं म्हटलंय. मी मोजले नाहीत, पण एक पाहिलं: उजळ फटकारे फार थोडे, आणि जे आहेत ते बरोबर कोपर, खांदा, बाहीचा फुगवटा अशा जागी. मधले मोठमोठे भाग त्याने निःशंकपणे काळे सोडून दिले आहेत.

मग रंग. मी व्हॅलेहो मॉडेल कलर हे फिगर रंगवायचे रंग वापरते, म्हणून त्यातलीच नावं सांगते. लोकरीसाठी पायाचा रंग तीन थेंब काळा आणि एक थेंब हल रेड, म्हणजे गडद तांबूस तपकिरी. बाटलीबाहेर हे मिश्रण काळंच दिसतं, पण शुद्ध काळ्याशेजारी ठेवलं की त्यातली तांबूस ऊब कळते. शुद्ध काळा मी बाजूला राखून ठेवला, फक्त सगळ्यात खोल खाचांसाठी. तो पायालाच वापरला असता तर खाली जायला जागाच उरली नसती. उजळ करायला पांढऱ्याऐवजी त्वचेसाठीचा बेसिक स्किनटोन घेतला. त्यात थोडा पिवळा-नारिंगी अंश असतो, त्यामुळे येणारा करडा खडूसारखा होत नाही, वापरलेल्या लोकरीसारखा मऊ दिसतो.

प्रायमर काळा. त्यावर डाव्या बाजूने वरून एअरब्रशने गडद करडा मारला, पांढरा नाही. मग दिवा त्याच दिशेला लावून फोटो काढला आणि तो पूर्ण वेळ समोर ठेवला. हा माझा नकाशा. उजेड कुठे पडतो याबद्दल मन मध्येच वेगळं सांगायला लागतं, विशेषतः पाठीमागच्या घड्यांत, तेव्हा फोटोकडे बघायचं.

थर पातळ हवेत, हे सगळेच सांगतात. काळ्याच्या बाबतीत मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटली ती ब्रशची दिशा. पातळ रंगाचा फटकारा जिथे संपतो तिथे रंगद्रव्य जास्त साचतं. म्हणून उजळ करताना ब्रश सावलीकडून उजेडाकडे ओढायचा आणि घडीच्या माथ्यावर उचलायचा; गडद करताना उलट. ब्रश भरल्यावर कागदी रुमालावर टेकवून जादा पाणी काढायचं. नाहीतर रंग घडीत ओघळतो आणि वाळल्यावर कडेला रेघ राहते, जी काळ्यावर लगेच उठून दिसते.

पायाच्या रंगापासून तिसऱ्या चौकोनापर्यंत मी पाच टप्पे केले. नुसते पाच. पहिल्या प्रयत्नात मी याच अंतरात आठवा चौकोन गाठला होता. एवढ्या थोड्या पल्ल्यात काम करताना सारखं वाटतं की काहीच घडत नाहीये; ओला थर दिसतो, वाळला की नाहीसा होतो. दोन संध्याकाळी मी उठून गेले, कारण हात उगाच फिक्या रंगाकडे जात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात पाहिलं तर खांदा गोल झालेला होता. कोपराखालची घडी आत गेली होती. डगला काळा होता.

आता पोताचं काम. ७५ मिमीची फिगर म्हणजे उभ्या माणसाचा साधारण चोविसावा भाग. प्रत्यक्षातला १ मिमी जाडीचा धागा इथे ०.०४ मिमी होतो, म्हणजे खऱ्या मापाने बघितलं तर वीण दिसायलाच नको. पण पोत अजिबात दाखवला नाही तर लोकर आणि रबर यांत फरक कळत नाही. तेव्हा ही एक मान्य केलेली अतिशयोक्ती आहे, आणि ती किती करायची हा ज्याच्या त्याच्या डोळ्याचा प्रश्न. मी टोक झिजलेला जुना ब्रश घेतला, जवळजवळ कोरडा केला आणि उजळ भागांत बारीक ठिपके देत गेले. चौथ्या चौकोनाचा रंग, पण ठिपके इतके विरळ की दुरून त्यांची सरासरी तिसऱ्यावरच थांबावी. मध्ये मध्ये शून्य नंबरच्या ब्रशने अगदी आखूड, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा. सावलीत ठिपके नाहीत. तिथे डोळा पोत शोधत नाही, आणि दिलाच तर सावलीची खोली जाते.

ताई शिवणकाम करते. तिचा हात रोज कापडावर फिरतो, म्हणून या टप्प्यावर मी तिला मुद्दाम बोलावलं. तिने भिंग लावून पाहिलं.

"खांद्यावर ठीक आहे. पण खिशाची कड आणि बाहीचं टोक नव्यासारखं कसं? म्हातारा एवढा फिरलेला ना? लोकर आधी तिथेच झिजते."

"म्हणजे तिथे उजळ करू?"

"उजळ नको. तिथली लव जाते आणि कापड जरा तुकतुकीत होतं. रंगही विटतो, लालसर होतो. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ना जुने कोट, बघ कधी."

मी तिच्याकडे आलेला एक कोट पाहिला. ती म्हणाली तसंच होतं. बाहीच्या टोकाला काळ्यातून गंजासारखा तपकिरी डोकावत होता. मग खिशाच्या कडेला, बाहीला आणि डगल्याच्या खालच्या काठाला हल रेडचे अतिशय पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारे पारदर्शक थर, दिले, एक भाग रंगाला आठ भाग पाणी, चार वेळा. डगल्याला वय आलं ते या चार थरांनी.

शेवटी काळा परत आणायचा. कितीही संयम ठेवला तरी ठिपके आणि रेघा देताना एकूण रंग थोडा वर चढतोच. पायाचाच रंग खूप पातळ करून सावल्यांवर आणि मधल्या भागांवर फिरवला, उजळ माथे सोडून. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला, डोळे अर्धे मिटून बघितला. डोळे मिचकावल्यावर सगळा डगला एकच गडद आकार दिसायला हवा आणि त्यात दोन-तीनच जागा उठून याव्यात. डाव्या मांडीवरची एक घडी विनाकारण पुढे येत होती, ती दाबली.

अस्तर आणि बूट त्यामानाने लवकर झाले. अस्तरासाठी काळ्यात डार्क प्रशियन ब्लू; बराच भाग अगदी काळा आणि घडीच्या माथ्यावर अरुंद पट्टा सातव्या चौकोनापर्यंत झपकन चढणारा, कडा स्पष्ट. डगल्याची ऊब आणि अस्तराचा गारवा शेजारी आले आणि दोन वेगळी कापडं आहेत हे कुणाला सांगावं लागलं नाही. बुटांसाठी काळ्यात बर्न्ट अंबर, घोट्याजवळच्या सुरकुत्यांवर तुटक ओरखडे आणि टोकावर आयव्हरीचा एकच ठिपका.

एवढं करून म्हातारा काळ्या लाकडी ठोकळ्यावर बसवला, आणि डगला पुन्हा राखाडी दिसायला लागला. माझ्या पोटात गोळाच आला. एक थरही बदललेला नव्हता. वायूने रंग बदलला की काय, वार्निशाविना काही झालं का, असल्या शंका काढत मी तासभर घालवला. मग ठोकळ्याखाली आणि मागे पांढरा कागद धरला आणि डगला जागच्या जागी काळा झाला.

याची गोष्ट जुनी आहे. शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथल्या भिंतीवरच्या विणकामात काळा धागा फिका दिसतो, रंगात दम नाही, अशी तक्रार होती. त्याने काळ्या लोकरीची इतर ठिकाणच्या लोकरीशी तुलना केली आणि रंगात काही खोट सापडली नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. त्यांच्या संगतीत काळा फिका पडत होता. १८३९ साली त्याने रंगांच्या या परस्पर परिणामावर ग्रंथ छापला. मी हे कधीतरी वाचलं होतं, पण कळलं ते त्या दिवशी.

तर मी ठोकळ्यावरची गडद माती काढली. फिक्या रंगाचा दगड, वाळलेलं पिवळट गवत आणि पायवाटेची धूळ असं केलं. म्हाताऱ्याच्या गळ्याशी मळकट पांढरा रुमाल होता, तो दोन टप्पे उजळ केला. डगल्याला हात लावला नाही, तरी तो आधीपेक्षा जास्त काळा दिसू लागला.

वार्निशाने मात्र रडवलं. दमट हवेच्या दिवशी मॅट स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत डगल्यावर पांढुरकी बुरशी धरल्यासारखी साय आली. हे कुठल्याही रंगावर होऊ शकतं, पण काळ्यावर ते लपत नाही. सहा आठवड्यांचं काम होतं. एक दिवस पूर्ण वाळू दिलं, मग ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ थर दिला. साय विरून गेली, खालचा काळा वर आला, फक्त सगळा म्हातारा भिजल्यासारखा चमकत होता. नंतर लोकरीवर ब्रशनेच मॅट, अस्तरावर साटिन, बूट तसेच ग्लॉसमध्ये. मॅट वार्निशचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे तो थोडा उजेड विखुरतोच, म्हणून काळा अर्धा टप्पा वर चढतो. तेवढी सूट आधीच धरून डगला जरा जास्त गडद ठेवावा. तेव्हापासून मी फिगर हातात धरत नाही, बुचावर बसवूनच हाताळते. बोटांच्या घर्षणाने मॅट रंगावर कडा तुकतुकीत होतात आणि पुन्हा बूट-लोकर एक दिसायला लागतात.

फोटो काढतानाही एकदा अडले. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडीइतकं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, आहे असं धरून चालतो. चौकटभर काळा डगला दिला की तो बिचारा फोटो उजळवून टाकतो. एक्सपोजर एक टप्पा खाली आणल्यावर फोटोतला डगला टेबलावरच्या डगल्यासारखा आला.

ताईला पुन्हा दाखवला. तिने काही न बोलता तो खिडकीत नेला, बराच वेळ बघितला, आणि अंगठा डगल्याच्या खांद्याजवळ नेऊन मध्येच थांबवला, कापडाचा पोत अंगठ्याने बघायची तिची सवय आहे तसा. मग हसून परत दिला.

दुसऱ्या दिवशी तिने काळ्या मखमलीचा एक तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो बोटाभोवती गुंडाळून दिव्याखाली धरला. माझ्याकडे तोंड केलेला मधला भाग अगदी काळा, आणि बोटाच्या दोन्ही कडांना, जिथे कापड माझ्यापासून वळून जातं तिथे, रुपेरी उजेड. मखमलीची लव उभी असते. समोरून बघितलं की नजर लवेच्या मुळांत शिरते, आणि कडेला लवेच्या बाजू उजेड पकडतात. लोकरीवर जे केलं त्याच्या नेमकं उलट. नऊ चौकोनांची पट्टी मी पुन्हा काढली आहे.